चढताना चांगला पाय आधी

८ नोव्हेंबर

सकाळी तलावाच्या पाळीवर बसलो होतो, आणि तो आवाज पुन्हा आला. टुंऽऽ. कानात नाही, कानाच्या मागे कुठंतरी, हाडात. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला नादकाटा. बुटाच्या रबरी टाचेवर आपटायचा आणि त्याचं थरथरतं बूड खेळाडूच्या नडगीवर टेकवायचं. हाड धड असेल तर पोरांना गुदगुल्या व्हायच्या. हाडात केसाएवढी चीर असेल तर पाय आपोआप मागे यायचा. एक्स-रेत दिसायच्या कितीतरी आधी.

चैती पुंगाटी. भामरागडकडची माडिया पोर. आमच्या कॉलेजात तिच्यासारखं कुणी धावलं नाही. उजव्या नडगीवर काटा टेकवला तसा तिचा पाय झटकन मागे गेला. विचारलं, दुखलं? मान हलवली. "हिल्ले." म्हणजे नाही. तोंड नाही म्हणालं, पाय हो म्हणाला. मी पायाचं ऐकलं. तेवढं एक बरोबर केलं आयुष्यात.

अठ्ठावीस वर्षं होऊन गेली.

दुपारी अर्चनाबाई आल्या, इथल्या शाळेत नवीन बदलून आलेल्या मास्तरीण. वडील न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं, आता लेकीकडे आणलेत. चंद्रपूरचा व्यायाम करवून घेणारा डॉक्टर पोंभुर्ण्याला रोज यायला तयार नाही. "काका, तुमी कॉलेजात खेळाडूंचे पाय पाहत होते म्हणे."

वडिलांचं नाव विचारलं. वैरागडे.

आमच्या कॉलेजचा क्रीडा संचालक. ज्यानं मला मैदानावरून उचलून ग्रंथालयाच्या गोदामात टाकलं, तो.

हो म्हणालो.

पुढे या वहीत त्याला वै. एवढंच लिहीन. पूर्ण नावाचा मान नाही.

९ नोव्हेंबर

पलंगावर पसरलेला. केस गेले, जबडा तोच. मला पाहून डोळे बारीक केले, मग,

"अबे पट्टीमास्तर! तू जिता आहेस?"

"आहो सर."

"मले वाटलं पुस्तकाच्या वाळवीनं खाल्लं असंल तुले."

अर्चनाबाई हसल्या. त्यांना काय ठाऊक कुठली वाळवी. पट्टीमास्तर हे नावही त्यानंच पाडलेलं. मी खेळाडूंच्या घोट्यांना चिकटपट्ट्या बांधायचो म्हणून. माझा हुद्दा होता क्रीडा सहायक, पण तो फक्त पगारपत्रकावर.

तपासलं. डावा खुबा. मांडी वाळून काठी झालीय. नियम सांगितले: पायावर पाय टाकायचा नाही, पाटावर बसायचं नाही, वाकून चप्पल उचलायची नाही, झोपताना दोन्ही पायांत उशी. मग टाच गादीत दाबा, मांडी आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा. दहा वेळा.

सातव्याला त्याच्या कपाळावर घाम. मांडी माझ्या तळव्याखाली थरथरत होती, नुकत्या धरलेल्या मरळ माशासारखी. हा माणूस एकदा माझ्या हाताखाली यावा असं किती वर्षं घोकलं. आला.

११ नोव्हेंबर

बेबीबाई शेजारीण आहे. रोज भाकर देते, भाकरीबरोबर बोलणीही.

"त्याच मानसाले चालवून राह्यले तुमी? ज्यानं तुमची इज्जत घेतली? मी असती तं लंगडाच ठेवली असती."

म्हटलं, बेबीबाई, लंगड्याला कुणी जाब विचारत नाही. लोक हळहळतात. मला तो उभा पाहिजे.

ठरलंय सगळं. ११ जानेवारीला कॉलेजचा सुवर्णमहोत्सव. वै.चा सत्कार. निमंत्रणपत्रिका त्याच्या उशाशीच आहे, दिवसातून दोनदा चष्मा लावून वाचतो. कॉलेजच्या मंचाला पाच पायऱ्या. त्या पाचही त्याला त्याच्या पायांनी चढवणार. माइक त्याच्या हातात गेला की मी समोरून उठेन, कागद वर धरेन आणि विचारेन, सर, हे अक्षर कोणाचं?

खुर्चीतल्या आजाऱ्याला हे विचारता येत नाही. लोक मलाच हुसकतील.

१२ नोव्हेंबर

ट्रंक उघडली. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला नादकाटा, आणि त्याखाली तो कागद, गोदामातल्या जुन्या फायलींत सापडलेला. तंदुरुस्तीचा फॉर्म. नाव चैती पुंगाटी. मध्ये लिहिलेलं, "धावण्यास पात्र." खाली सही माझी.

"पात्र" वै.च्या अक्षरातलं. त्याचा प पोटफुगा, शंभर कागदांत ओळखू येतो.

सोमवारी मी त्याला तोंडी सांगितलं होतं, पोरीच्या नडगीत चीर आहे, सहा आठवडे धावायचं नाही. "बरं, पाहू," म्हणाला. शनिवारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती पंधराशे मीटर धावली. तिसऱ्या फेरीत नडगी मोडली. आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला म्हणतात.

चौकशीत एकच प्रश्न. सही तुमची? माझी. संपलं.

चैतीचं हाड वाकडं जुळलं. ती कॉलेज सोडून गावी गेली. मी वर्षभरानं तिच्या गावी गेलो, तर बापानं अंगणातूनच हातानं खूण केली, जा. परतीच्या बसपर्यंत दोन कोस चाललो, धडधाकट दोन पायांवर, आणि त्याचीच लाज वाटत होती.

मग निवृत्तीपर्यंत गोदाम. पुस्तकांवरची धूळ. जुनी क्रमिक पुस्तकं मात्र भरपूर. त्यांतल्या कविता वाचल्या, म्हटल्या. भिंतींनी ऐकल्या.

१७ नोव्हेंबर

वै. विचारतो, "हे सारं तू शिकला कुठी बे?" एकवीस वर्षं हाताखाली ठेवलं, तेव्हा नाही विचारलं.

त्याला सांगितलं नाही. वहीला सांगतो.

आमचं ढीवराचं घर. बाबा तलावात जाळं टाकायचे, मी फाटकी जाळी विणायचो. अंगठ्याच्या मुळाशी गळ घुसल्याची चंद्रकोर तेव्हाची. शाळेत गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे, सगळा वर्ग झुलायचा. माझ्या डोक्यात जे चालीवर गेलं ते राहिलं, बाकीचं वाहून गेलं. गावच्या वैदूकडे मोडकी हाडं धरून बसायचो, तो कामट्या बांधायचा. धरायचं कसं ते त्याच्याकडे शिकलो. घट्ट नाही, सैल नाही. जिवंत मासा धरतात तसं.

कॉलेजात लागलो ते मैदानावर फक्की मारायला. धावपट्टीच्या रेषा आखायच्या, जाळी लावायची, गोळे मोजून ठेवायचे. पण पोरांचा पाय मुरगळला की पोरं माझ्याकडे यायची. तेव्हाचे प्राचार्य भले. त्यांनी सहा महिन्यांच्या शिक्षणाला मोठ्या शहरात पाठवलं. तिथं सगळं इंग्रजीत. स्नायूंची नावं म्हणजे रेल्वेच्या डब्यांची माळ. पहिल्या महिन्यात रडलो. दुसऱ्या महिन्यात स्नायूंच्या ओव्या केल्या.

पोटरीला दोन डोकी, खाली एकच दोर
टाच उचलून धरी, चालणं त्याच्या जोरावर

अशा साठ-सत्तर. वसतिगृहातले पंजाबी, मल्याळी हसायचे, मग परीक्षेच्या आधी तेच माझ्या खोलीत येऊन बसायचे. अर्थ कळत नव्हता, ताल कळत होता. परत आलो तेव्हा आमच्या दोन जिल्ह्यांत पट्टी कशी बांधायची, बर्फ किती वेळ ठेवायचा, कुणाला मैदानाबाहेर बसवायचं हे शिकून आलेला मी एकटाच, असं मला वाटायचं. गर्व होता. होताच.

२० नोव्हेंबर

आज वै.ला ओवी म्हणायला लावली. प्रत्येक वेळी पाय उचलताना एक ओळ. कवितेचा त्याला भारी तिटकारा. माझ्या खिशात कवितेची वही दिसली की म्हणायचा, "मांदाळे, मैदानावर गवत उगवू दे, कविता नको." आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोंड वाकडं करून म्हणत होता, पोटरीला दोन डोकी.

"मोठ्यानं, सर. दम लागला का?"

"अबे, तू मले मारून टाकतोस का?"

"नाई सर. तुमाले चालवाचं आहे."

चौदा वेळा. मग अर्चनाबाई चहा घेऊन आल्या म्हणून थांबलो. नसत्या आल्या तर वीस.

२१ नोव्हेंबर

छान झोप लागली. सूड पचायला हलका असतो असं दिसतंय.

२ डिसेंबर

वॉकरवर उभा केला. कमरेला खाटेच्या नवारीचा पट्टा बांधला, मागून मी धरलेला. पहिलं पाऊल टाकताना त्यानं माझं नाव घेतलं. पट्टीमास्तर नाही, मांदाळे नाही. "दादाजी, सोडू नको." माझं पाळण्यातलं नाव त्याला ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

सोडलं नाही. सोडण्याचा दिवस ११ जानेवारी.

अंगणात सहा पावलं. अर्चनाबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्या मला वाकून नमस्कार करायला लागल्या तर मी मागे सरलो. त्यांचा काय दोष. एवढ्या एकाच गोष्टीचा विचार मी टाळतो. त्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या असतील तेव्हा.

६ डिसेंबर

आज तो विषय निघाला. त्यानंच काढला, वॉकर टाकून काठी घेतली त्या आनंदात.

"तुले अजून वाटते ना, म्या त्या पोरीले जबरीनं पळवलं."

मी पोटरी दाबत होतो.

"गाडीत बसताना म्या विचारलं होतं तिले. पट्टीमास्तर काय म्हणे? तिनंच सांगितलं, मास्तरनं हो म्हटलं, दुखत नाई आता. मंग म्या फॉर्म भरला. पोरीनंच सांगितलं होतं मले."

"सर, मी सोमवारी तुमाले स्वतः सांगितलं होतं."

"सोमवारी सांगितलं. शुक्रवारी तू होता कुठी?"

हात थांबले माझे. मग तो हळूच म्हणाला, "आणि सही कोणाची होती बे?"

जितक्या वेळा करायचे तितक्या वेळा व्यायाम करून घेतले. एक कमी नाही, एक जास्त नाही. घरी आलो तेव्हा बेबीबाईनं विचारलं, काऊन हो, चेहरा असा का? तिच्यावर ओरडलो. भाकर न देता गेली.

खोटारडा. मेलेल्या-मोडलेल्यांच्या नावावर ढकलतो. ती पोर कुठल्या कोपऱ्यात लंगडत असेल, तिची साक्ष काढतो. आता तर सोडणारच नाही. कागद तर वर धरेनच, मग नंतर तीन महिने हात दुखला तरी.

९ डिसेंबर

तीन दिवस वही उघडली नाही. आज लिहितो. कुणी वाचणार नाही, तरी हात जड आहे.

शुक्रवारी मी कुठे होतो.

दर हंगामाच्या सुरुवातीला मी दहा-पंधरा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायचो. सगळीकडे तसंच चालायचं. स्पर्धा लांब, बस पहाटेची, सहायकाला सोबत नेण्याइतकी जागा गाडीत नसायची. संचालकाच्या खणात सह्या केलेला गठ्ठा असला की काम अडत नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आणि त्या वर्षी गठ्ठा दिला तो अजून एका कारणानं. गुरुवार ते शनिवार तिकडे नदीपलीकडच्या गावात झाडीबोलीतल्या कवींचा मेळावा होता. मला पहिल्यांदा बोलावणं आलं होतं. रजा मागितली तर वै. देणार नाही म्हणून मीच म्हटलं, सर, सह्या करून ठेवल्या आहेत, तुमचं काही अडत नाही.

मी आठ कडव्यांची कविता म्हटली. हरिणीचे पाय. कुणावरची होती हे सांगायला नको.

माती विचारे, कोण गं गेलं माझ्या वरून
हरिणी म्हणे, ओळख मला ठशावरून

टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. शनिवारी, सकाळच्या सत्रात. तिकडे तेव्हा तिसरी फेरी चालू असेल.

चौकशीत "फॉर्म कोरा होता" एवढे तीन शब्द बोललो असतो तर वै.ही माझ्यासोबत बुडाला असता. पण मग विचारलं असतं, कोऱ्या कागदावर सही का केली? आणि कुठे होता? ते सांगायची छाती झाली नाही. सही माझी, एवढंच म्हणालो. लोकांना वाटलं मांदाळे फार सरळ माणूस, काही बोलला नाही. सुमनलाही तसंच वाटलं, ती गेली तोवर.

त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. स्नायूंच्या ओव्यासुद्धा जुन्याच.

तरी "पात्र" त्यानं लिहिलं. मी नाही. सोमवारी सांगितलेलं त्याला आठवत होतं. हे खरंच आहे. हे खरं राहिलंच पाहिजे.

१० डिसेंबर

बेबीबाईकडे जाऊन माफी मागितली. "मंग घ्या," म्हणाली, लाखोरीची डाळ आणि काल परवाची शिल्लक बोलणी दोन्ही दिली.

१४ डिसेंबर

काठीवर पाळीपर्यंत. वै. पाण्याकडे पाहत म्हणाला, "इथी बरं वाटते." मी म्हटलं, सर, मान वर, पायाकडे पाहू नका. मला नको त्याचं बरं वाटणं.

२१ डिसेंबर

रविवार, शाळा बंद. शाळेच्या रंगमंचाला नेमक्या पाच पायऱ्या. अर्चनाबाईंनी कुलूप काढून दिलं आणि त्या वह्या तपासायला आत गेल्या.

नियम सांगितला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खेळाडूंना हे मी ओवीतच शिकवायचो.

चढताना चांगला पुढे, मागून येई दुखरा
उतरता दुखरा पुढे, मग चांगला सावरा

चढला. पहिली, दुसरी, तिसरी. तिसऱ्यावर थांबून मागे पाहिलं, हसला. कवळीसकट. मला तोच हसरा चेहरा चौकशीच्या खोलीत दिसला.

आणि मी पट्टा सोडला.

ठरवून नाही. ठरवूनच. काय माहीत. बोटं उघडली एवढं खरं. तो डावीकडे कलला, काठी खाली गडगडली, आणि पुढच्या क्षणी माझा उजवा हात त्याच्या काखेत होता, डावा कमरेला, गुडघा त्याच्या गुडघ्यामागे. तसाच, शिकवलेला. मी हाताला सांगितलं नव्हतं. हातानं माझं ऐकलं नाही.

तो धापा टाकत होता. मी म्हटलं, सर, चवथी.

पाचही चढला.

२२ डिसेंबर

आज मी गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२८ डिसेंबर

अर्चनाबाईंनी पायऱ्या चढतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. वै. ताठ चढतोय, मागे मी दिसत नाही, नवार धरलेले नुसते हात. त्यांनी तो कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणी कुणी पुढे पाठवला. गडचिरोलीहून फोन, आलापल्लीहून फोन. "सर अजून वाघ आहे." वै. मला ते वाचून दाखवतो. हातांबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.

बरं आहे. ओळख ११ला होईल.

४ जानेवारी

कॉलेजातून पास आले. वै. प्रमुख सत्कारमूर्ती. अर्चनाबाई कुटुंबीय. माझ्या पासवर लिहिलंय, "सोबतचा माणूस." एकवीस वर्षं मैदान, बारा वर्षं गोदाम, आणि छापून आलं ते हे.

पास कागदाबरोबर ठेवला. दोन्ही एकाच घडीचे निघाले.

सराव करतो आहे, उभं राहून. "सर, हे अक्षर कोणाचं?" पहिल्यांदा आवाज चिरकला. पाळीवर जाऊन पाण्यावर म्हटलं तेव्हा बरा आला. मग मनात आलं की तो उलट विचारेल, सही कोणाची? मी तेही सांगेन का? कविता, शाल, नारळ, सगळं? सांगितलं तर दोघं बुडतो. नाही सांगितलं तर पुन्हा तोच अर्धा मांदाळे.

८ जानेवारी

शेवटची तालीम. पायऱ्या दोनदा. उतरताना दुखरा आधी, हे आता न सांगता करतो.

खाली बसल्यावर वै. म्हणाला, "तू तिथी काही बोलणार आहेस ना?"

मी नवार गुंडाळत होतो.

"तुह्या हातावरून कळते मले. जत्रेआधी बैलाले खाऊ घालते तसा चालवून राह्यला तू मले दोन महिने."

"मंग काऊन येता सर? नका येऊ."

"येतो." काठीचं टोक मातीत फिरवत राहिला. "विचार तुले काय विचाराचं ते. पण पायऱ्या चढल्यावर विचार. मधात नको."

मला राग आला. म्हणजे त्याला भीतीसुद्धा नाही. की आहे, आणि तरी? हा माणूस मला धड द्वेषही करू देत नाही.

घरी येऊन नादकाटा घासूनपुसून ठेवला. तोही नेणार. आधी मंचासमोर तो वाजवायचा, म्हणजे सभा गप्प होईल. मग बोलायचं. हे मला एकदम सुचलं आणि आवडलं.

१० जानेवारी

पांढरा सदरा इस्त्री केला. बेबीबाई म्हणाली, "लगनाले चालले का कोनाच्या?" म्हटलं, हो, फार जुनं ठरलेलं आहे.

११ जानेवारी

सकाळी आंघोळ. पिशवी भरली: नवार, कागद, पास, नादकाटा. जीप नऊला येणार, वै. आणि अर्चनाबाई तीत असतील, मला दारातून घेतील. आठ वाजून वीस मिनिटं. ओसरीवर बसून हे लिहितोय. मन शांत आहे. कागद वर धरायचा, आणि कोरी सहीसुद्धा सांगायची असं साधारण ठरलंय. साधारण. मंचावर गेल्यावर

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. जीप लवकर आली म्हणून पिशवी घेऊनच उठलो.

दारात एक बाई. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, हिरवं लुगडं, उजव्या पायावर भार न देता उभी. मागे अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, धावायचे बूट घातलेली. बाई माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हती. हाताकडे पाहत होती, अंगठ्याच्या चंद्रकोरीकडे.

"जोहार, मास्तर. पोरीच्या मोबाइलमधी हे हात दिसले. म्या म्हनलं, हे तेच हाय."

चैती.

तिनंच चप्पल काढली आणि आत आली. व्हिडिओ पाठवणाऱ्याला विचारून पोरीनं गाव काढलं; काल सकाळी निघाल्या म्हणे, चंद्रपुरात ओळखीच्या घरी राहिल्या, पहाटेच्या गाडीनं इथं.

"हे माझी पोरगी. पोलीस भरतीसाठी पळते. पुढच्या हप्त्यात मैदान हाय. नडगी दुखते तिची, म्या पाह्यलं तिले पाय दाबताना. विचारलं तं दुखत नाई म्हनते."

"नाईच दुखत," पोरगी म्हणाली. उजवा पाय मागे घेत.

चैती तिच्याकडे पाहून हसली. मग माझ्याकडे पाहून हसू गेलं.

"म्या बी तसंच बोलली होती ना, मास्तर. गाडीत. सरले म्हनलं, मास्तर हो म्हनले, दुखत नाई. मले पळाचं होतं." पोरीच्या बुटांकडे पाहत, "बापाले बी नाई सांगितलं. तुमी गावात आले तवा म्या घरातच होती. दारामागं."

मी चहाचं भांडं शोधायला लागलो.

मग ती पोरीच्या नडगीकडे बोट दाखवत, "ते वाजनारं हाय का तुमच्याजवळ अजून? ते खोटं नाई बोलत."

चहा ठेवलाय. उकळेपर्यंत हे लिहितोय. पोरगी ओसरीवर बसून बूट सोडते आहे. गाठ घट्ट आहे, तिला वेळ लागतोय. काटा पिशवीत, कागदाच्या घडीत अडकलेला. वाजवला आणि पाय मागे आला, तर आज तिला घेऊन चंद्रपूरला जावं लागेल, एक्स-रेला, आजच, कोऱ्या कागदावर विश्वास न ठेवता. उद्यावर टाकलं तर ही पळेल. मला माहीत आहे, पळेल.

रस्त्यावर जीपचा हॉर्न. एकदा. आता दुसऱ्यांदा. वै.चा आवाज, "दादाजी, चल बे, उशीर होते! मले चढवणार कोण?"

चैतीनं आवाज ओळखला. मान वळवून दाराकडे पाहते आहे.

चहा उतू जातोय.